मागं बसणाऱ्याची पारख

मोटारसायकल कशीही असली तरी चालते, पण मागं बसणारा कसाही असून चालत नाही, असं आमच्या शेठचं ठाम मत होतं. हे ते जेवताना सांगत, भट्टीपुढं घाम पुसताना सांगत. ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. कळलं मात्र फार उशिरा, तेही रस्त्यावर.

आमचा धंदा गलाईचा. सोनारांकडचं जुनं, मिसळीचं सोनं-चांदी आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. सांगलीकडच्या आमच्या कोरड्या भागातली पोरं या कामापायी देशभर पांगलेली. कुणी मद्रासला गेलं, कुणी आसामात. मी राज्याच्या हद्दीपलीकडं, संत्र्यांच्या मुलखात, पांढुर्ण्याला पडलो. सातवीत शाळा सुटली. आमच्याच गावचे हे शेठ सुट्टीला आले होते, त्यांनी मला बरोबर घेतलं. कपडे त्यांनी शिवले, हातात पक्कड त्यांनी दिली, सोनं कसोटीच्या दगडावर कसं घासायचं तेही त्यांनीच शिकवलं. ते नसते तर माझं काय झालं असतं, हा विचार मला आजही शेवटापर्यंत नेता येत नाही. म्हणूनच की काय, त्यांनी टाकलेलं ओझं आपल्या हातून खाली पडेल, ही धाकधूक पहिल्या दिवसापासून पाठीशी लागली. झोपेतही माझा हात कमरेशी जायचा, काही बांधलेलं आहे का बघायला.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. धुरानं शेठचे डोळे अधू झाले, वाऱ्यात घळाघळा पाणी यायचं. तेव्हा फटफटी माझ्या हाती आली. दर आठवड्याला पांढुर्णा ते सौसर अशी फेरी. आमच्याकडचा नियम असा की हँडल धरणाऱ्यानं कसा बांधायचा नाही. कसा म्हणजे कमरेला गुंडाळायची कापडाची लांब पिशवी, तिच्यात माल. पुढच्याचे हात गुंतलेले, डोळे रस्त्यावर. म्हणून कसा मागच्याच्या कमरेला, सदऱ्याच्या आत.

"दिवाळीआधी मागं बसायला भरवशाचा गडी बघ," शेठ म्हणाले. "न्हाई मिळाला तर सौसर सोडून देतो मी. इथलं काम काय, एकट्या माणसाचं हाय."

एकट्या माणसाचं म्हणजे त्यांचं. मी गावाकडं. ते हे रागानं बोलले नव्हते. गावाकडं जाऊन काय करणार होतो? जो पोरगा शाळा सोडून बसला आणि बाहेरगावचं कामही सोडून आला, त्याच्याकडं लोक कसं बघतात ते मी पाहिलं होतं.

मग माणसं बघणं सुरू झालं.

पहिला भट्टीवरचाच जोडीदार, आमच्याकडचा. सज्जन, पण गाडीवर बसला की त्याला झोप. पेंगायला लागला की त्याचं कपाळ माझ्या पाठीवर टक्कन आपटायचं. मी सगळा रस्ता त्याला प्रश्न विचारत जायचो, जागा राहावा म्हणून. सौसर येईपर्यंत माझा घसा बसायचा.

दुसरा पीठगिरणीवाल्याचा मेव्हणा. हसरा, धडधाकट, रस्त्यावरच्या सगळ्यांशी ओळख. त्याला चहा लागायचा, आणि चहाच्या टपरीवर तो बाकावर बसून मोठ्यानं म्हणायचा, "आमी कोन हाव, काय घेऊन जाऊन राहिलो, हे मात्र विचारू नका. सांगता येत नाई!" की सगळी टपरी त्याच्या पोटाकडं बघायची. घरी येऊन मी शेठना सांगितलं. ते भट्टीत थुंकले आणि म्हणाले, "उद्यापासनं त्याला चालत पाठव."

तिसरा मी शोधला नाही. तो शेजारीच राहत होता.

स्टेशनच्या बाजूला खोल्यांची एक ओळ होती, त्यातली एक माझी. पलीकडच्या खोलीत एक बौद्ध कुटुंब. नवरा चाळिशीचा, संत्र्याच्या हंगामात पेट्या भरायचा आणि ट्रकवर चढवायचा, एरवी मिळेल ते काम. भुवईवर एक जुनी खोक होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात, गोटे चालतात, त्यातली. ते स्वतः अलीकडच्या काठचे नव्हते. "माहं घर सावरगावचं, सासुरवाडी पांढुर्ण्याची," असं सांगून हसायचे. "दोहीकडून गोटे मलेच." मला ताप आला होता तेव्हा त्यांच्या बायकोनं, मी न मागता, सलग तीन दिवस पेज आणून दिली होती. वाटी परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, "ठेवा न भाऊ तथीच. पुन्हा ताप येईन तं कामी पडंन." घरापासून इतक्या लांब कुणी आपल्या पुढच्या तापाचीही सोय करून ठेवावी, याचं मला काय वाटलं ते तेव्हा बोलता आलं नाही.

एकदा कोळशाचं पोतं आणायचं होतं म्हणून त्यांना गाडीवर मागं बसवलं. येताना माझ्या लक्षात आलं की मागं माणूस आहे हे मी विसरलोच होतो. पेट्या रचल्यावर गच्च बसतात तसे ते बसायचे. वळणावर मी झुकलो की झुकायचे, खड्डा आला की जरा वर उठायचे, गाडीला धक्का बसू द्यायचे नाहीत. मी शेठना सांगितलं. शेठनी त्यांना समोर बसवून डोळे पुसत विचारलं, "कसा हरवला तर काय देशील?"

"देयाले काय हाय जी माह्यापाशी?" ते म्हणाले. "म्हून तं हरवून चालत नाई."

शेठनी माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

मी त्यांना दादा म्हणायचो, आमच्याकडच्या रीतीनं. ते मला बाबू. फेऱ्या सुरू झाल्या आणि रस्ता जरा लहान वाटायला लागला. सौसरच्या अलीकडं जामसांवलीचा फाटा लागतो. मारुतीचं मोठं देवस्थान. मी फाट्यावर एक हात सोडून छातीला लावायचो. त्यावर दादांचं ठरलेलं बोलणं असायचं, "आला तुमचा मारोती. दोन हातानं जोडा बाबू, हँडल मी पकडतो." मी म्हणायचो, "तुम्हीपण जोडा की एकदा." ते म्हणायचे, "मी जोडले तं तुमची फटफटी कोन पाहीन? त्याले तं उडता येते." दर फेरीला हेच. दर फेरीला दोघंही हसायचो.

वाटेत एक नाला होता, त्यावर रपटा. रपटा म्हणजे पुलासारखा उंच नाही, पाण्याच्या पातळीलाच घातलेली सिमेंटची फरशी. पाऊसकाळ सरला तरी तिच्यावरून पातळ पाणी वाहायचं आणि खाली शेवाळ. तिथली रीत ठरलेली. मागच्यानं उतरायचं, चपला हातात घ्यायच्या, पायी पार व्हायचं. पुढच्यानं पहिल्या गियरमध्ये गाडी काढायची आणि पलीकडं चढावर थांबायचं.

दसऱ्याच्या आधीचा एक शनिवार. सौसरच्या एका मोठ्या सोनाराचा सगळा माल त्या दिवशी दादांच्या कमरेला होता. सोनाराची आधीच कुरकुर चालली होती की मागच्या खेपेला सोनं वजनात कमी उतरलं. शेठनी निघताना नुसतं म्हटलं, "हा गेला तर सौसर गेलं." तेवढं माझ्या डोक्यात घोंगावत होतं.

रपट्यावर मी गाडी काढली, चढावर थांबलो. मागून यष्टीसारखी एक खाजगी बस आली आणि भोंगा वाजवायला लागली. सीट दबली, कॅरिअरची कडी वाजली. बसले म्हणून मी क्लच सोडला.

आणि त्या दिवशी मी बोलायला लागलो. का कोण जाणे. इतक्या फेऱ्यांत मनातलं असं कधी काढलं नव्हतं. म्हणालो, दादा, मला इथं सारखं वाटत राहतं की आज-उद्या मला परत धाडतील. आणि गावाकडं गेलो की वाटतं, कधी एकदा पांढुर्ण्याला जातो. दोन्हीकडं माझं बूड टेकत नाही. आई म्हणते ये, लग्न करू. माझ्याकडं काय आहे लग्न करायला? एक भट्टी, तीही शेठची. तुम्हाला कसं जमतं हो, सकाळी काम मिळेल की नाही माहीत नसताना रात्री घोरायला? असं बरंच. मागून काही उत्तर नव्हतं. मला ते बरं वाटलं. म्हटलं, ऐकतायत.

जामसांवलीचा फाटा आला. मी हात छातीला लावला आणि थांबलो, त्यांच्या बोलण्यासाठी.

काहीच आलं नाही.

मी मान वळवली. मागं कुणी नव्हतं. कॅरिअरच्या कडीत दादांच्या चपला खोचलेल्या होत्या, चिखलानं भरलेल्या.

गाडी कशी उभी केली आठवत नाही. एवढं आठवतं की मी सीटवरून हात फिरवला, जणू माणूस चुरगळून तिथंच कुठं पडला असेल. आणि नेमका त्याच वेळी देवळाच्या रस्त्यानं, कपाळाला शेंदूर लावून, तो सोनार आला. दर शनिवारी दर्शन करून मगच तो दुकान उघडायचा.

"काहून गा गलाईवाले, अथी काहून उभा? अन् तुह्यावाला तो मानूस कुठी हाय?"

मला खोटं सुचलं नाही. "रपट्यावर राहिला वाटतं."

"अन् माल?"

"त्यांच्याच कमरेला."

त्याच्या हातातला नारळाचा प्रसाद खाली पडला. "थान्यात चाल. आत्ताच्या आत्ता. अरे, हमाल मानसाच्या कमरेले माहं सोनं बांधून तू फाट्यावर हवा खाऊन राहिला?"

"त्यांच्या चपला इथंच आहेत," मी म्हणालो. "पळणारा माणूस चपला ठेवून पळतो का?"

"तेवढ्या सोन्यात चपलाची दुकान टाकंन तो!"

फाट्यावरच्या टपरीतली माणसं उठून जवळ आली. एक म्हणाला, थान्यात लिहून द्या, पुढं त्रास नको. दुसरा म्हणाला, कोणत्या मोहल्ल्यातला होता? मी ऐकत होतो आणि मला दिसत होतं की ठाण्यात दादांचं नाव एकदा लिहिलं गेलं की सोनं मिळालं तरी नाव काही पुसलं जाणार नाही. आणि सोनं मिळालं नाही तर शेठ, सौसर, मी, सगळंच गेलं. शंका आली नाही असं म्हणत नाही. आली. पण तिच्याबरोबर ती पेजेची वाटीही आठवत होती.

मी सोनाराला हात जोडले. मारुतीलाही दोन हातांनी कधी जोडले नव्हते. "आधी रपट्यापर्यंत जाऊ द्या. तिथं नसले तर मी स्वतः ठाण्यात येतो, माझंही नाव लिहा."

"तू जाशीन अन् तूबी फरार होशीन."

"मग बसा मागं."

तो बसला. आयुष्यात मागं बसणारे मी पुष्कळ पाहिले, पण तसा नाही. दोन्ही हातांनी माझा सदरा गळ्यापाशी आवळलेला. मी डावीकडं झुकलो की तो उजवीकडं. म्हैस दिसली की माझ्या कानात ओरडायचा, "म्हैस!" मधेच "हळू रे!", लगेच "जलदी चाल न!" रस्त्यात दिसेल त्या माणसाच्या पायांकडं मी बघत होतो, अनवाणी आहे का म्हणून.

उतार लागला, रपटा दिसला. आणि रपट्याच्या या तोंडाशी, चढावरच्या दगडावर, अगदी रस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे दादा बसले होते. हात गुडघ्यांवर. त्यांच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, हातात काठी, आणि ती त्यांना मनसोक्त शिव्या देत होती.

"आले वो माय, आले!" दादा उठले. "म्या म्हटलं नोतं, येतीन म्हून?"

"आले तं मले सोड आता, मेल्या! माह्या बकऱ्या कोनाच्या वावरात शिरल्या असतीन!"

सोनार उतरला न उतरला तोच गाडी आडवी टाकून मी धावलो. "दादा, तुम्ही बसला नव्हता?"

"कुठी बसलो? पायाले चिखल होता. सीटवर हात टेकवून चपला खोसल्या, म्हटलं पाय धुतो. वळून पाहतो तं बाबू चालले!" त्यांनी हातानं लांबवर दाखवलं. "अन् मुंडकं हालवत हालवत बोलत चालले! मी अथून बोंबलून राहिलो, तुमी तथी गोष्टी करून राहिले. कोनासंग करून राहिले होते बप्पा?"

मला हसू आलं की रडू ते कळेना. "मग मागून येणाऱ्या कुठल्यातरी गाडीनं पुढं का नाही आलात?"

त्यांनी सोनाराकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं. आवाज खाली आला.

"सौसरकडे जातो तं रस्त्यात कोनी विचारलं असतं, कमरेले काय हाय? पांढुर्ण्याकडे जातो तं म्हनले असते, घेऊन पळून राहिला. तुमी उतरवलं तथीच बसलो. अन् या मायले संग बसवलं, की बाई, मी अथून हाललो नाई एवढं पाहून ठेव."

म्हातारी सोनारावर काठी उगारून म्हणाली, "हाललाच नाई हा! मुतालेबी गेला नाई!"

सोनारानं हात पुढं केला. "आन इकडं."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मला शेठचा नियम आठवला, आणि पहिल्यांदाच तो माझ्या तोंडून माझ्या आवाजात निघाला. "माल रस्त्यावर हातात देत नाही. तुमच्या दुकानात, तुमच्या तराजूवर. पुडीची शिवण तेवढी बघून घ्या."

दादांनी सदरा वर केला. कशातल्या पुडीची शिवण जशीच्या तशी होती. सोनारानं वाकून ती बोटांनी चाचपली, दोरा ओढून पाहिला.

"चला मग," तो गाडीकडं वळला.

गाडी दोघांची होती. त्या काळात तिघं बसायचे लोक, पण गाडी कुठं घसरली तर सगळंच जायचं. मी कॅरिअरच्या कडीतल्या चपला काढून दादांच्या पायांपुढं ठेवल्या. "बसा दादा." मग सोनाराला म्हणालो, "तुम्ही मागच्या बसनं या. आम्ही दुकानाशी थांबतो."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मलाही माझं आश्चर्य वाटलं. एवढं मोठं गिऱ्हाईक. पण दादांना पुन्हा तिथं एकटं सोडून मी गियर टाकू शकलो नसतो.

आम्ही लगेच निघालोही नाही. म्हातारीच्या बकऱ्या खरंच कुणाच्या तरी कपाशीत शिरल्या होत्या. दादा आणि मी त्या हाकायला वावरात उतरलो, दादांच्या कमरेला सोनाराचं सगळं सोनं, आणि सोनार रपट्यावर उभा राहून "अरे, सांभाळून! सांभाळून!" म्हणत होता. बकऱ्यांना की आम्हाला, ते कळायला मार्ग नव्हता.

दुकानात माल बरोबर उतरला. सोनारानं शेठकडं तक्रार केली, रस्त्यावर सोडलं म्हणून. शेठनी ऐकून घेतलं, पण सौसर तुटलं नाही. त्याच आठवड्यात सोनारानं बसवाल्याबरोबर प्रसादाचा नारळ पाठवला, निरोप होता, "त्याले दे." दादांनी नारळ घेतला, फोडला, खोबरं सगळ्या ओळीत वाटलं. मला म्हणाले, "मारोतीले सांगजा, मी तथीच होतो म्हना."

पण त्यानंतरच्या फेरीला ते गाडीवर बसेनात. मी गाडी चालू करून उभा, ते दारात.

"मी नाई येत बाबू."

मी गाडी बंद केली. "का?"

"तुमी लोकं मागच्याले पारखून राहिले. झोपते का, बोलते का, पळते का. बरोबर हाय, सोन्याचं काम हाय. पन मागच्यालेबी पाहा लागंन न, कोनासंग जाचं ते? पुढचा मागं पाहत नसन तं त्याच्यासंग कसा जाऊ?"

"मग काय करू?"

"आरसा लावा."

आमच्या गाडीला आरसा नव्हता. शेठचं म्हणणं, आरसा शौकिनांचं काम, त्यात बघून पोरं केस विंचरतात. मी त्यांना काही न विचारता बाजारातून एक गोल आरसा आणला आणि डाव्या बाजूला पान्यानं आवळून बसवला. शेठ डोळे पुसत बाहेर आले, आरशाकडं बघितलं, आत गेले.

आरसा रस्त्यासाठी असतो, मागून काय येतंय ते दिसावं म्हणून. मी तो इतका आत वळवला की त्यात मागचा रस्ता दिसेना. दादांचा खांदा दिसायचा, भुवईवरची खोक आणि अर्धं तोंड.

त्या दिवशी रपट्यावर ते उतरले, पाय धुतले, सावकाश चपला घातल्या आणि बसले. मी आरशात पाहिलं. त्यांनी आरशातूनच मान हलवली. मी गियर टाकला.

चढ संपल्यावर मागून आवाज आला, "हं. त्या दिवशी काय सांगून राहिले होते, मुंडकं हालवत?"

"काही नाही, दादा."

"सांगा न. सौसर दूर हाय."

मी आरशात बघितलं, ते होते. मग मी पहिल्यापासून सांगायला लागलो.